परत येण्याचा हट्ट

ओझरच्या विमान कारखान्यात मी पस्तीस वर्षे विमाने जोडली आणि त्यांतल्या एकाही विमानात बसलो नाही. पुढे मुलाने एकदा मुंबईहून दिल्लीला विमानाने नेले. पण तिथे शेजारचे गृहस्थ डब्यातला पराठा काढून खात होते आणि एक मुलगी पाण्याच्या बाटल्या वाटत फिरत होती. त्याला मी विमानात बसणे म्हणत नाही. माझे विमान म्हणजे मिग. एका माणसापुरती जागा, तीही अशी की आमच्यासारख्या पोट सुटलेल्या माणसाने आत शिरायचे म्हटले तर दोघांनी वरून दाबावे लागेल.

१९६४ साली हा कारखाना नाशकापासून पंधरा-वीस किलोमीटरवर ओझरला उभा राहिला, तेव्हा गावात केवढी चर्चा! द्राक्षे, तांब्या-पितळेची भांडी आणि गोदावरीचे स्नान एवढ्यावर चाललेल्या नाशकात एकदम रशियन बनावटीची लढाऊ विमाने तयार व्हायला लागली. सगळे विमान काही आम्ही करत नव्हतो. धड आणि पंख आमच्याकडे, इंजिन ओरिसातल्या कोरापुटला, आतले इलेक्ट्रॉनिक सामान हैदराबादला. तीन गावची वऱ्हाडी मंडळी ओझरच्या मांडवात एकत्र यायची आणि मग कार्य उभे राहायचे. आमचे काम धडाचे. रिव्हेट मारायचे, सांधे तपासायचे, सही करायची. त्या सहीची मला अजून कधीकधी रात्री आठवण येते.

कारण नवे विमान तयार झाले की ते पहिल्यांदा आकाशात न्यायचे काम कारखान्याच्या टेस्ट पायलटचे. विमान धावपट्टीवरून सुटायचे तेव्हा बघायला सगळे यायचे. नवीन भरती झालेली पोरे तर टाळ्यासुद्धा वाजवायची. आम्ही जुनी मंडळी मात्र शेडमध्येच असायचो. हात कामावर आणि कान आभाळाकडे. चहा आलेला असायचा, पण कपाला कोणी हात लावत नसे. मग दूरवरून तो आवाज यायचा, चाके टेकायची, मागचे पॅराशूट फुलायचे आणि कोणीतरी म्हणायचे, “चहा गार झाला, दुसरा सांगा.” विमान उडाले याचे आम्हाला कधी कौतुक वाटले नाही. ते परत आले याचे वाटायचे.

हे एवढे सांगितले ते दिलीप कमलाकर परुळकर यांच्याबद्दल लिहायचे आहे म्हणून.

ग्रुप कॅप्टन परुळकर १० ऑगस्ट २०२५ रोजी पुण्यात गेले. वय ऐंशीच्या पुढे. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला, जुना, गणवेशातला. माझी त्यांची ओळख नव्हती, कधी समोर पाहिल्याचेही आठवत नाही. तरीही सकाळचा चहा राहिला आणि मी ती बातमी दोनदा वाचली. आमच्या पिढीतल्या ज्यांनी ज्यांनी विमानाशी संसार केला, मग तो वरून असो की खालून, त्यांच्या घरात त्या दिवशी असेच झाले असणार.

त्यांची हकिगत नव्या मुलांना ठाऊक नसेल म्हणून थोडक्यात सांगतो. मार्च १९६३ मध्ये ते हवाई दलात अधिकारी झाले. १९६५ च्या युद्धात त्यांच्या विमानाला खालून गोळी लागली आणि ते स्वतः उजव्या खांद्यात जखमी झाले. तुकडीच्या नायकाने सांगितले, विमान सोड, उडी मार. यांनी ऐकले नाही. एका खांद्यात जखम, विमान जायबंदी, आणि तशा स्थितीत ते विमान तळावर आणून उतरवले. त्याबद्दल वायुसेना पदक मिळाले.

लोक या गोष्टीत शौर्य बघतात आणि ते आहेच. पण मी कारखान्यातला माणूस. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. जायबंदी विमान परत आले की ते कुठे फाटले, कुठे तग धरून राहिले, हे आमच्यासारख्यांना बोटाने चाचपून बघता येते. शेतात कोसळलेल्या विमानाला काय विचारणार? यंत्र घरी आणणाऱ्या वैमानिकाबद्दल फिटर माणसाच्या मनात जी माया असते, ती त्याच्या घरच्यांच्या मायेच्या खालोखाल असते असे माझे प्रामाणिक मत आहे.

१९७१ च्या डिसेंबरात मात्र विमान परत आणता आले नाही. ते तेव्हा सुखोई-७ चालवत होते. (हे विमान रशियाहून आलेले, आमच्याकडचे नव्हे. ओझरला सुखोई झाली ती पुढची, सुखोई-३०, २००४ पासून.) १० डिसेंबरला पाकिस्तानात जफरवालजवळ विमान पडले आणि परुळकर हवाई छत्रीने उतरले ते थेट शत्रूच्या हाती. रावळपिंडीच्या छावणीत हवाई दलाचे बारा भारतीय अधिकारी कैदेत होते, त्यांत ते एक. आठवड्याभरात युद्ध संपले. पुढे जुलैत सिमल्याला करार झाला. पाकिस्तानचे सुमारे ९३ हजार कैदी आपल्याकडे होते, तेव्हा अदलाबदल आज ना उद्या होणारच असे कोणीही म्हटले असते. पण ती उद्या काही येईना. महिने जायला लागले. आणि परुळकरांना पळून जायचे होते.

आमच्या घरात ही हकिगत इथपर्यंत आली आणि थांबली, कारण आमच्या सौ.ने हात वर केला.

ही हकिगत मी त्या दिवशी सांगत होतो ती नातीला. नात दहावीला. तिच्या मनाने घेतले होते की आपल्याला हवाई दलात जायचे. हा वारा कुठून लागला ते सांगायला नको. नाशकात राहणाऱ्या पोराला आभाळाकडे बघायची सवय लागतेच. नाशिकरोडच्या बाजूला सैन्याच्या वैमानिकांची शाळा आहे, तिथली हेलिकॉप्टरे घरांवरून घिरट्या घालत असतात. आणि घरात आजोबा जेवताना पापडाचे विमान करून दाखवणारे. पूर्वी एवढ्यावर भागायचे. मुलगी म्हणायची, वैमानिक होणार. आपण म्हणायचे, हो हो, आधी वरण खा. आता तशी सोय राहिली नाही. २०१६ साली हवाई दलात तीन मुली लढाऊ वैमानिक झाल्या. २०२२ पासून खडकवासल्याच्या प्रबोधिनीत मुलींना प्रवेश मिळाला आणि २०२५ च्या मे महिन्यात पहिल्या सतरा जणी तिथून बाहेर पडल्या. आणि या सगळ्याची पूर्वतयारी करून घेणारी, खास मुलींची सरकारी संस्था निघाली ती २०२३ साली, आमच्या नाशकातच! नातीने तिथल्या प्रवेश परीक्षेची माहिती आणून माझ्यापुढे ठेवली होती. मुलगा आणि सून म्हणाले, आजीला विचारा.

आजीने हात वर केला तो असा.

“तह झाला होता ना?” ती म्हणाली. “मग गप बसायचं होतं. सोडलंच असतं त्यांनी.”

“त्याला काय ठाऊक कधी सोडतील, आजी?” नात म्हणाली.

“शेवटी सुटला कधी?”

मी म्हणालो, “पहिली डिसेंबर, ७२. वाघा सरहद्दीवर.”

“आणि पळाला कधी?”

“तेरा ऑगस्ट.”

हिने बोटांवर मोजले. “साडेतीन महिने. साडेतीन महिन्यांसाठी जिवावरचा खेळ! त्याच्या आईला विचारलं होतं का कोणी?”

आता ही जे बोलते ते नुसते आजीपणाने बोलत नाही, हे आम्हाला ठाऊक होते. हिचा एक मामेभाऊ त्याच युद्धात पायदळात होता. पश्चिमेच्या आघाडीवर गेला आणि बेपत्ता झाला. मेला असे कोणी पाहिले नाही, सापडला असे कोणी कळवले नाही. पंचवटीतल्या त्या घरात मामी रोज रात्री रेडिओला कान लावून बसायची. पाकिस्तानच्या रेडिओवर कैद्यांची नावे वाचतात असे कोणी सांगितले होते. खरखर, मधूनच एखादे नाव, पुन्हा खरखर. पुढे कैदी परत आले त्यात तो नव्हता. मग काही वर्षांनी निवृत्तिवेतनाचे कागद आले. त्यांवर सही करायची म्हणजे तो गेला असे आईने लिहून द्यायचे. मामीने सही केली नाही. भाऊ, दीर, शेजारपाजारचे शहाणे लोक, सगळ्यांनी समजावले. घरात पैशांची ओढ होती. तरी नाही. ते कागद देवघराच्या फळीवर तसेच राहिले आणि मामी गेली तेव्हा आमच्या हिने ते पाहिले. तेव्हापासून हिच्यापुढे युद्धातली कोणतीही गोष्ट सांगायची म्हणजे आधी घसा साफ करावा लागतो.

तरी मी सांगितली, कारण नात ऐकत होती.

कैद्यांना जो भत्ता मिळतो त्यातून त्यांनी पैसे साठवले. पठाणी पोशाख मिळवले. सुई चुंबकावर घासून होकायंत्र केले. शाळेतल्या मुलांच्या नकाशापुस्तकातला नकाशा घेतला. कात्री, स्क्रूड्रायव्हर असल्या अवजारांनी कोठडीच्या भिंतीच्या विटा एकेक करून सैल केल्या, आणि निघालेला चुरा रेडक्रॉसच्या पार्सलांच्या खोक्यांत भरून खाटांखाली सारला. अठरा इंचांची भिंत! हे ऐकून मी तर मनातल्या मनात त्यांना आमच्या शेडमध्ये भरती करून टाकले. बारा-तेरा तारखेच्या रात्री वादळ झाले. त्या वादळात परुळकर, मालविंदर सिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी असे तिघे त्या भोकातून बाहेर पडले.

पूर्वेकडे भारताची सरहद्द, तिकडे जावे असे कोणालाही वाटेल; शोधणाऱ्यांनाही तेच वाटणार. म्हणून हे गेले उलटे, पश्चिमेला. रावळपिंडीहून बसने पेशावर, तिथून जमरूद, खैबर खिंडीतून लंडी कोतल. पलीकडे अफगाणिस्तान. सकाळी साडेनवाच्या सुमारास तिघे लंडी कोतलला उतरले तेव्हा सरहद्द उरली होती चार-पाच मैल. नाशिकरोडला उतरून पंचवटीला चालत जायचे तेवढे अंतर.

नकाशात रेल्वेचे शेवटचे स्टेशन दाखवले होते लंडी खाना. तिथून सरहद्द हाकेवर. म्हणून त्यांनी चौकशी केली, लंडी खान्याला कसे जायचे? आणि तिथेच घोटाळा झाला. लंडी खान्याचे स्टेशन १९३२ सालीच बंद झाले होते! चाळीस वर्षे जिथे गाडी जात नाही त्या गावाची वाट विचारणारे हे कोण? तहसीलदाराच्या माणसाला संशय आला. हे बंगाली असावेत, पळून अफगाणिस्तानात चालले असावेत, असे त्याला वाटले. तिघांना धरले.

यानंतरची गोष्ट मला सगळ्यांत जास्त आवडते, आणि ती पळण्याची नाही. तो भाग टोळीवाल्यांचा. परके हेर म्हणून तिथल्या तिथे गोळी घालून मोकळे होणे काही अवघड नव्हते. तिघांनी आपण पाकिस्तानी हवाई दलाचीच माणसे आहोत असे सांगून पाहिले, पण ते टिकेना. तेव्हा परुळकरांनी सांगितले, आपल्या हवाई दलाच्या प्रमुखांच्या एडीसींना फोन लावा. हे एडीसी म्हणजे स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद. पूर्वी ते रावळपिंडीच्या छावणीचे अधिकारी होते आणि कैद्यांशी भल्या माणसासारखे वागले होते. फोन लागला. हमीद यांनी ओळखले आणि तहसीलदाराला सांगितले, ही आमची माणसे आहेत, त्यांना सांभाळून ठेवा. त्या एका वाक्याने तिघांचे प्राण वाचले. ज्याच्या कैदेतून पळायचे त्याचाच नंबर अडचणीत आठवावा, आणि त्यानेही फोन उचलून अब्रू राखावी! ते तिघे पुन्हा कैदेत गेले. पुढे बाराही जण लायलपूरला हलवले गेले, ज्याला नंतर फैसलाबाद म्हणू लागले, आणि १ डिसेंबर १९७२ रोजी वाघ्यावरून घरी आले.

मी थांबलो. नात काही बोलेना. तिला वाटले असावे की शेवट असा नको होता. चार मैल पळून सरहद्द ओलांडायला हवी होती.

ही मात्र विचारात पडली होती. “त्या हमीदला आई असेल,” एवढेच म्हणाली आणि भाजी बघायला आत गेली.

थोड्या वेळाने वर्तमानपत्र घेऊन बाहेर आली. चष्मा लावून तिने ती बातमी खालपर्यंत वाचली. बातमी पळण्याचीच होती. भिंत, वादळ, खैबर. १९६५ च्या पदकाची एक ओळ, या पळण्याबद्दल मिळालेल्या विशिष्ट सेवा पदकाची एक ओळ, हवाई दलाच्या अकादमीत आणि खडकवासल्याला शिकवल्याची एक ओळ. आणि शेवटी, मागे पत्नी आणि दोन मुलगे आहेत, अशी एक ओळ. ती शेवटची ओळ हिने मोठ्याने वाचली.

“दोन मुलगे,” ही म्हणाली. “म्हणजे पुढं लग्नबिग्न करून संसार केला.”

“मग? पन्नासावर वर्षं!”

“हे नाही सांगितलंत तुम्ही.”

खरोखरच, हे मी सांगितले नव्हते. कोणीच सांगत नाही. भिंतीच्या भोकापासून लंडी कोतलपर्यंत हिशेब केला तर जेमतेम दहा तास. त्या दहा तासांवर पुस्तक निघाले, चित्रपट निघाला, आणि ते योग्यच आहे. पण माणूस ऐंशीहून जास्त वर्षे जगला. वाघ्याहून परत आल्यावर त्रेपन्न दिवाळ्या व्हायला एकच कमी पडली. मुलांच्या शाळा, बदल्यांचे गाव, निवृत्तीनंतरचे पुणे. त्यांच्या घरात काय चालायचे ते मला कुठून ठाऊक असणार? पण वैमानिकांच्या घरांत काय चालते ते ओझरच्या वसाहतीत पस्तीस वर्षे बघितले आहे. टेस्ट पायलट संध्याकाळी सायकलवर मुलाला पुढे बसवून दळण आणायला निघालेला असायचा. सकाळी याच माणसाने आवाजापेक्षा जास्त वेगाने आमची सही आकाशात नेलेली असायची. त्याची बायको दारात उभी राहून सांगायची, “बाजरीचं वेगळं दळा हं!” आम्ही बघायचो आणि आम्हाला ते फार बरे वाटायचे.

नातीने मध्येच विचारले, “आजोबा, सगळे असेच म्हातारे होतात का? म्हणजे, वैमानिक?”

प्रश्न नातीने विचारला, पण ऐकत कोण होते ते मला ठाऊक होते. खोटे बोलणे शक्य नव्हते. मिगने किती वैमानिक घेतले हे ओझरच्या माणसाने दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची गरज नाही. एखाद्या अपघाताची बातमी आली की शेडमध्ये कोणी कोणाकडे बघत नसे. जो तो आपापल्या वहीतले जुने क्रमांक आठवत असे. मी तिला हे सांगितले. आणि हेही सांगितले की हवाई दलाचे प्रमुख झालेले आपले हृषीकेश मुळगावकर १९४७-४८ च्या काश्मीरच्या लढाईत महावीरचक्र मिळवूनसुद्धा चौऱ्याण्णव वर्षे जगले आणि २०१५ साली पुण्यातच वारले. दोन्ही खरे आहे. कोणते धरायचे ते मी सांगू शकत नाही.

सप्टेंबरच्या २६ तारखेला चंडीगडला मिग-२१ ला शेवटचा निरोप दिला गेला. तो समारंभ आम्ही दोघांनी दूरदर्शनवर बघितला. पुढच्या महिन्यात, १७ ऑक्टोबरला, ओझरच्या धावपट्टीवरून नाशकात बांधलेले पहिले तेजस उडाले. जुन्या मित्रांचे फोनावर फोन. मी सगळ्यांना एकच विचारले, “उतरलं का नीट?” उतरले होते.

दिवाळीचे दिवे काढायला माळ्यावर चढलो होतो, तेव्हा ही खाली शिडी धरून उभी होती. वर न बघताच म्हणाली, “मामीनं सही केली नाही ती हट्टानं नाही केली. त्याला यायला वाट राहावी म्हणून.”

मी म्हणालो, “हो.”

“त्या परुळकरांचंही तसंच. साडेतीन महिन्यांचा हिशेब चुकला माझा. ज्याला यायचं आहे तो हिशेब कुठं करतो?” मग आवाज नेहमीचा करून, “पणत्यांची टोपली आधी द्या, वरून टाकू नका.”

रात्री नातीला हाक मारून तिने प्रवेशाचा कागद मागून घेतला. पालकांच्या सहीची जागा मुलाची. तिथे हिला सही करायची नव्हतीच. पण सगळा कागद ओळीने वाचला. वजन, उंची, डोळे, जन्मतारीख. जन्मतारखेत नातीने महिना चुकीचा लिहिला होता, तो हिच्याच लक्षात आला.

“आणि एक,” कागद परत देताना ती म्हणाली, “तिकडं नकाशा-बिकाशा शिकवतील ना, तो कोणत्या सालचा आहे ते आधी विचारत जा.”

नात हसली. ही हसली नाही. पेन शोधायला मला आत पाठवले, आणि मी ते घेऊन येईपर्यंत दोघी जणी स्टेशन बंद झाले तर पाट्या का काढत नाहीत यावर वाद घालत होत्या.